सोपान आधी बघून येतो

आमचा मेव्हणा सोपान कुठल्याही गावाला दोनदा जातो. आधी एकटा, मग माणसं घेऊन. सहलीचं ठरलं की आदल्या आठवड्यात हा फटफटीला किक मारतो, तिथलं सगळं तपासतो आणि परत येऊन सांगतो, "बघून आलोय म्या. काळजी न्हाई." ह्याला तो पाहणी म्हणतो.

मी कामथडीचा शेतकरी, चौथी शिकलेला. गोड लिहिता येत नाही, म्हणून सरळ लिहितो. सोपान अर्धा येडा आहे.

माझं लग्न ठरलं तेव्हा हा दहा वर्षांचा होता. नसरापूरहून एकटा चालत आमच्या घरी आला. विहिरीचं पाणी चाखलं, गोठ्यात डोकावला, माझ्या आईची चूल कुठं धुरकटते ते बघितलं. घरी जाऊन बहिणीला म्हणाला, "आक्का, पाणी गोड हाय, म्हस गरीब हाय. नवरा तेवढा तोंडफाटका हाय. पण चालंल." भांडण झालं की ही मला ऐकवायची, "आमच्या सोपाननं तवाच सांगितलं व्हतं."

त्याचं स्वतःचं लग्न मात्र राहिलं. एकदा मुलगी बघायला गेला, तर आधी तिच्या गावचा रस्ता, एसटीची वेळ आणि नळाचं पाणी बघत बसला. तोवर दुसरा कुणी मुलगी बघून, सुपारी फोडून गेला.

दरसाल दिवाळी सरली की आम्ही पानशेतला जायचो. मी, ही, पोरगा, सून, दोन नातवंडं, लेक, जावई आणि सोपान. नऊ माणसं एका जीपमध्ये. सोपान पुढं ड्रायव्हरशेजारी. पाबे घाट लागला की ह्याचं तोंड सुटायचं.

"आता डावं वळण हाय. सूनबाई, पिशवी हातात घ्या. पाहणीला माझंच पोट हितं ढवळलं व्हतं."

"मामा, वळणानं काय होत नाही हो मला. तुमी बोललात की होतं."

बोलता बोलता पिशवी कामी यायची.

एका साली त्यानं जेवायला एक जांभळाचं झाड हेरून ठेवलं. दुपारी एक वाजता सावली कुठवर येते ते बघून चार कोपऱ्यांना चार दगड मांडले होते. आम्ही पोचलो, तर त्या चार दगडांच्या बरोबर मधोमध एक म्हैस बसलेली. सोपाननं हाकललं, टाळ्या वाजवल्या, शेवटी विनवलं. म्हैस रवंथ करत त्याच्याकडं बघत राहिली.

"पाहणीच्या दिशी ही नव्हती," सोपान म्हणाला.

ही म्हणाली, "तिनं बी पाहणी केली आसंल रं."

आम्ही उन्हात जेवलो. सोपान शेवटपर्यंत बसला नाही. हातात भाकरी धरून म्हशीसमोर उभाच होता.

पण एक जागा त्याची कधी चुकली नाही. दर खेपेला पाण्याच्या कडेला एक सपाट खडक शोधायचा आणि आम्हा दोघांना तिथं नेऊन बसवायचा. "आक्का, दाजी, हितं बसा. तासभर कुणी येत न्हाई." मग पोरांना दुसरीकडं पिटाळायचा आणि स्वतः लांब, आमच्याकडं पाठ करून राखणीला बसायचा. नातवंडं असलेली माणसं आम्ही, लाज वाटायची. तिथं बसून बोलायचो काय, तर कडबा पुरंल का, आणि मागच्या दाराला कडी घातली का. पण तो तास मला बरा वाटायचा. घरी असं बसणं कुठं व्हायचं.

ही आषाढात गेली.

यंदा दिवाळी सरली आणि सोपान दारात आला. "दाजी, पानशेत."

"म्या येत न्हाई. कुणासाठी यायचं?"

"एक साल मोडलं की कायमचं मोडतंय. पोरं आपापल्या वाटंनं जातील, मंग कुणी कुणाला बोलवायचं न्हाई."

"जाऊ दे जातील तर."

आठवडाभर तो असाच येत राहिला. शेवटी म्हणाला, "मंग नुसतं पाहणीला चला. मागं बसा, बोलू नका."

इतक्या वर्षांत त्यानं पाहणीला कुणाला नेलं नव्हतं. मी मागं बसलो. सगळ्या घाटात त्यानं एकही वळण सांगितलं नाही. मला तेव्हाच संशय यायला पाहिजे होता.

पानशेतला भज्यांच्या गाड्यावर एक बाई असते. दरसाल आमच्या हिला कमी तिखटाचा घाणा वेगळा काढून द्यायची. मला बघून ती हसली.

"आलात व्हय दाजी? ह्या सोपानभाऊंना जरा इचारा. आठ दिसांत तीनदा आलं. भजी खात्यात, आन म्या आक्का कशा हायत म्हनलं की किक मारून पळत्यात."

मी सोपानकडं बघितलं. तो फटफटीचा आरसा पुसत होता. मी जवळ गेलो, तसा हळू आवाजात म्हणाला, "दाजी, तुमी सांगा. ऐतवारी समदी आलो आन तिनं पोरांम्होरं इचारलं, तर पोरास्नी घास जायचा न्हाई. म्हनून आदी सांगाय आलो व्हतो. पर मला सांगवंना."

गावात मला कुऱ्हाड म्हणतात. कुणाच्याही तोंडावर काहीही बोलतो. तिथं माझीही जीभ उचलेना. गाड्यापाशी आलो आणि म्हणालो, "ऐतवारी येतोय. आठ माणसं."

"नऊ न्हवं?"

"आठ."

बाईच्या हातातला झारा थांबला. तिनं माझ्याकडं बघितलं, मग सोपानच्या पाठीकडं. कढईतली भजी काळी पडत गेली.

"या," ती म्हणाली. "पोरांम्होरं म्या काय इचारत न्हाई."

तिनं करपलेला घाणा टाकायला उपसला. सोपान आला, कागद पुढं करून तो मागून घेतला. आम्ही फटफटीला टेकून सगळा संपवला. मग तो जांभळाखाली सावली बघायला गेला आणि मी त्याच्या मागं चार दगड घेऊन.