वर राहिलेली माणसे

शुक्रवार, सात फेब्रुवारी, सकाळी सव्वाआठ. शिवाजी पेठेत आमच्या चौकातील भिंतीवर एका चित्रपटाचे भित्तिपत्रक चिकटवले गेले आणि समोरची पिठाची गिरण बंद पडली. वीज गेलेली नव्हती. मालकाने बटण दाबले होते.

मालक म्हणजे हिंदुराव. या गृहस्थांना कोणतीही गोष्ट अर्धवट सोडलेली चालत नाही. दळण टाकायला आलेल्या बाईने नणंदेच्या सोयरिकीचा विषय काढून मध्येच आवरता घेतला, तर ‘‘आणि पुढं?’’ असे विचारून ते डबा अडवून धरतात. एकदा कीर्तनात बुवांनी राजाला होडीतून पैलतीरी उतरवले आणि कथा राजवाड्यात नेली. हिंदुराव मांडवात उभे राहिले. ‘‘बुवा, नावाडी कुठं ऱ्हायला?’’ तो सुखरूप घरी गेल्याचे बुवांनी जाहीर केले, तेव्हाच ते खाली बसले.

भित्तिपत्रकामागील हकीकत अशी. बऱ्याच वर्षांपूर्वी पन्हाळ्याच्या पायथ्याशी एका विज्ञानपटाचे चित्रीकरण झाले. विज्ञान बेताचे, विनोद मुबलक. एका खटपट्या इसमाच्या हातून उसाची ट्रॉली आकाशात उडते, एवढेच कथानक. गर्दीसाठी पेठेतील माणसे नेली होती. अखेरीस त्या माणसांनी भरलेली ट्रॉली चंद्राआड जाते आणि उरलेले पुढच्या भागात, असे सांगून चित्रपट संपतो. तो पुढचा भाग काही येत नव्हता. हिंदुराव वाट पाहत होते आणि पेठ त्यांची थट्टा करत होती.

आता पत्रक आले. काळा चष्मा लावलेला नायक, मागे परातीसारखे चकचकीत यान, खाली दोन शब्द: ‘परत येतोय!’

‘‘एकटाच?’’ हिंदुराव गरजले. ‘‘जाताना ट्रॉली भरून माणसं गेलती की! ती कुठं हायत?’’

‘‘आबा, पिक्चर हाय त्यो,’’ तालमीतला एक पैलवान हसत म्हणाला.

‘‘पिक्चर हाय म्हणून माणसं वर टाकून यायचं व्हय रं? तुला न्हेऊन सोडू का तिकडं? खुराक बी मिळायचा न्हाय.’’

दुपारी चित्रपटाच्या प्रसिद्धीचे काम पाहणारा एक तरुण पत्रकाचे फोटो घेण्यास आला. हिंदुरावांनी त्याला गिरणीत बसवून चहा पाजला. चहा संपेपर्यंत तरुण नम्र होता.

‘‘काका, ती जुनी स्टोरी सोडून दिलीय. नवा ग्रह, नवी टीम. ट्रॉलीतले लोक आता कुणाला आठवतात?’’

‘‘पावणं, मला आठवत्यात. मी बी तिकीट काढूनच बघितलाय.’’

‘‘एका माणसासाठी स्टोरी बदलत नसते, काका.’’

‘‘व्हय? मग सांजच्याला चौकात या.’’

आमच्या पेठेत वाढदिवसापासून म्हशीच्या वेतापर्यंत कशाचाही डिजिटल फलक लागतो. मी निवृत्त शिक्षक असल्याने मजकूर तपासणीसाठी माझ्याकडे येतो. हिंदुरावांनी लिहून आणले होते: ‘वर गेलेल्यांना आधी खाली आणा, मगच पुढचा भाग दाखवा. तोवर पेठ थिएटरची पायरी चढणार नाही.’ शुद्धलेखन बिनचूक होते. मजकुराखाली त्या ट्रॉलीचे एक धूसर छायाचित्र छापायचे होते. ते अनावश्यक आहे, असे मी स्पष्ट सांगितले.

‘‘मास्तर, ट्रॉलीच्या मागच्या फाळक्याला धरून उभी हाय, ती आमची मंडळी.’’

मी चष्मा पुसून पाहिले. हिरव्या लुगड्यातील ती बाई कॅमेऱ्याकडे न पाहता बाजूला उभ्या असलेल्या कोणाकडे तरी पाहून हसत होती. चित्रपट लागण्यापूर्वीच ती वारली होती. पंचगंगेवर मीही गेलो होतो.

‘‘मी खुळा न्हाय, मास्तर. ती कुठं गेली त्ये मला ठावं हाय. अग्नी मीच दिला. पर पिक्चरमधली अजून वरच हाय. तिला खाली उतरवायला ह्यांचं काय जातंय? एकडाव उतरू दे. मग ती ट्रॉली मोडीत घाला, न्हायतर जाळा.’’

मी मजकुरात काहीही बदलले नाही. छायाचित्र मोठे छापावे, एवढे सुचवले.

सायंकाळी फलक पत्रकाच्या बरोबर समोर चढला. बांबू तालमीतील पैलवानांनी धरले. सकाळी हसलेला शिडीवर सर्वांत वर होता. तो तरुणही आला. त्याने फलक दोनदा वाचला, फोटो काढला आणि कोणाला तरी पाठवला.

‘‘पाठवा की,’’ हिंदुराव म्हणाले. ‘‘आणि सांगा तुमच्या सायबाला, पाऊस आला तरी हे उतरणार न्हाय.’’

वारा सुटला होता. फलकाच्या खालच्या डाव्या कोपऱ्याची सुतळी सैल राहिली होती. ती मी सोडली, दुहेरी केली आणि खांबाला पुन्हा आवळून बांधली.