तिसरी ओळ

श्रवणयंत्र बसवून घरी आल्यावर बाबांनी पहिली तक्रार केली ती स्वयंपाकघरातल्या नळाची.

"गळतोय," ते म्हणाले.

"दोन वर्षं गळतोय," सूनबाई म्हणाली. "नळ दुरुस्त करणाऱ्याच्या घरातला नळ आहे तो. त्याच्याकडे बघायला कुणाला वेळ आहे?"

नळ दुरुस्त करणारा, म्हणजे तिचा नवरा, टेबलाशी बसून खेळायचे बूट पुसत होता. आठवड्याचे सहा दिवस तो लोकांच्या घरातले पाइप आणि तोट्या सांभाळायचा आणि रविवारी पिवळ्या संघाचा गोल. हे अकरा वर्षं चाललं होतं. सगळं गाव त्याला नळवाला म्हणायचं, आणि आता तो स्वतःही फोनवर "नळवाला बोलतोय" असंच सांगायचा.

बाबांचे कान कापडगिरणीतल्या मागांनी कधीच खाल्ले होते. तेव्हापासून घरात त्यांच्याशी जो तो ओरडून किंवा हातवारे करून बोलायचा, आणि ते सगळ्यालाच मान डोलवायचे. सूनबाईनं चार महिने मागे लागून त्यांना डॉक्टरकडे नेलं होतं. आता ते घरभर हिंडून एकेक आवाज गोळा करत होते. दाराची कडी लावून बघितली, काढून बघितली. पेपरची घडी घातली आणि पुन्हा उलगडली.

"याचाही आवाज होतो, हे विसरलोच होतो," ते म्हणाले. मग मुलाकडे वळून म्हणाले, "रविवारी निळ्यांशी मॅच आहे ना? आता तुझं गाणं ऐकायला मिळेल."

नळवाल्याच्या हातातलं फडकं थांबलं.

"कसलं गाणं?" सूनबाईनं विचारलं. ती मैदानावर कधी जात नसे.

"याचं गाणं. निळ्यांचा अख्खा स्टँड उभा राहून म्हणतो. दीड हजार माणसं. मी हात हलवतो, तेही हलवतात. फार प्रेमळ माणसं आहेत."

गाणं होतं ही गोष्ट खरी. निळ्या संघाच्या लोकांनी ते अकरा वर्षांपूर्वी, नळवाल्याच्या पहिल्याच सामन्यात रचलं होतं. पहिल्या दोन ओळी अशा:

*साऱ्या गावचे नळ हा जोडी,*
*स्वतःची जाळी गळकी सोडी.*

इथवर ठीक होतं. तिसरी ओळ त्याच्या आईबद्दल होती आणि चौथी ओळ तिसऱ्या ओळीचा परिणाम म्हणून तो स्वतः कसा जन्माला आला याबद्दल. त्या दोन ओळी इथे देता येणार नाहीत. नळवाल्याला त्यांचं काही वाटेनासं झालं होतं. पाइपात अडकलेल्या गोष्टी रोज हातानं काढणाऱ्या माणसाला शब्दांची किळस फार दिवस पुरत नाही. शिवाय आई हयात असताना बाबांच्या शेजारी बसून सगळं ऐकायची आणि घरी आल्यावर एवढंच म्हणायची, "आज वारा फार होता, नीट काही ऐकू आलं नाही." वारा असो नसो, ती हेच म्हणायची. तिला जाऊन आता दोन वर्षं झाली होती. बाबा एकटे यायचे, गोलच्या मागे तारेजवळच्या बाकावर बसायचे, आणि गाणं सुरू झालं की पूर्वीसारखाच हात हलवायचे.

आता त्यांच्या कानात यंत्र होतं. रविवारी त्यांना तिसरी ओळ ऐकू येणार होती.

"बाबा, या रविवारी ऊन फार असेल," तो म्हणाला.

"टोपी घालीन."

"नवीन मशीनला एवढा गोंगाट चालेल का?"

"डॉक्टर म्हणाले, वापरलं तरच सवय होईल," सूनबाईनं नको तिथे मदत केली.

शेवटी शुक्रवारी दुपारी नळवाला बेकरीत गेला. निळ्यांच्या स्टँडमध्ये भोंगा हातात धरून गाणं सुरू करणारा माणूस म्हणजे हा बेकरीवाला. पन्नाशीचा, अंगानं दांडगा. दुकानात तो इतक्या हळू आवाजात बोलायचा की गिऱ्हाइकांना दोनदा विचारावं लागे. नळवाल्याला पाहून तो जरा बिचकला. अकरा वर्षांत दोघं समोरासमोर कधी बोलले नव्हते.

"पाव हवाय का?"

"नको. एक विनंती होती. रविवारी माझं गाणं म्हणू नका. एकच दिवस. बाबांना आता ऐकू येतं."

बेकरीवाल्यानं मान खाली घातली. "बाकावर बसतात ते? हात हलवतात ते?"

"तेच."

"आम्हाला वाटायचं, म्हातारा चेष्टा करतोय आमची."

"त्यांना वाटतं, तुम्ही माझं कौतुक करता."

बेकरीवाला बराच वेळ काउंटरवरचं पीठ बोटानं गोळा करत राहिला. मग म्हणाला, "माझ्या हातात असतं तर केलं असतं. पण मी भोंगा बंद ठेवला तरी ते आपोआप सुरू होणार. दीड हजार लोकांच्या तोंडात बसलंय ते."

"कसलं गाणं रे?" आतून आवाज आला.

पडद्यामागून बेकरीवाल्याची आई बाहेर आली. कोपरापर्यंत पीठ, डोळ्यावर चष्मा, वय ऐंशीच्या पुढे.

"काही नाही आई, मैदानावरचं आहे."

"ते कळलं. म्हणून दाखव."

"आई, गिऱ्हाईक आहे."

"गिऱ्हाइकाबद्दलच आहे ना? म्हण."

बेकरीवाल्यानं पहिली ओळ म्हटली. दुसरी म्हटली. म्हातारी हसली, म्हणाली, "बरं जुळलंय. पुढे?" पुढे काही नव्हतं. ज्या तोंडातून रविवारी भोंग्याशिवायसुद्धा अर्ध्या गावाला ऐकू जाईल असा आवाज निघायचा, त्यातून आता हवाही निघेना. कान लाल झाले.

"तिसरी ओळ माझ्या आईबद्दल आहे," शेवटी नळवाल्यालाच त्याची दया आली. "तशी वाईट आहे."

"आई कुठे असते तुझी?"

"गेली. दोन वर्षं झाली."

"हे मला माहीत नव्हतं," बेकरीवाला चटकन म्हणाला.

"आणि होती तेव्हा चालत होतं?" म्हातारीनं विचारलं.

म्हातारीनं हात पुसले, काउंटरवरची पाव बांधायच्या कागदाची चवड ओढली, कानामागची पेन्सिल काढली आणि उभ्याउभ्याच दोन ओळी लिहिल्या:

*आईनं याला जपून वाढवलं,*
*आज जरासं गणित बिघडलं.*

"या म्हणा," ती म्हणाली. "आणि मी येऊन बसणार आहे. बघते कोण दुसरं काही म्हणतं ते."

शनिवारी संध्याकाळी बेकरीच्या मागच्या अंगणात तालीम झाली. चाळीसेक लोक आले. एक ट्रकचालक म्हणाला, अशानं आपली इज्जत जाईल. एकानं विचारलं, 'जरासं'च्या जागी 'पार' चालेल का. म्हातारी म्हणाली, पार चालेल, पण त्याच्या पुढे पाऊल टाकायचं नाही. बातमी घरोघर गेली. निळ्यांच्या स्टँडनं नवीन ओळी पाठ केल्या.

ही गोष्ट पिवळ्यांच्या स्टँडला कुणी सांगितली नाही. तिथेच घोटाळा झाला.

रविवारी बाबा टोपी घालून, केस विंचरून, यंत्रात नवीन बॅटरी घालून बाकावर बसले. सामना सुरू झाला. दहाव्या मिनिटाला निळ्यांचा एक खेळाडू चेंडू घेऊन गोलकडे निघाला आणि बेकरीवाल्यानं भोंगा उचलला. पहिल्या दोन ओळी नेहमीच्या जोरात आल्या. नळवाल्यानं पवित्रा घेतला. अकरा वर्षं तो त्या गाण्याच्या तालावर खेळत आला होता: तिसऱ्या ओळीला गुडघे वाकवायचे, चौथीला झेप घ्यायची.

तिसरी ओळ आली. दीड हजार माणसं, शाळेत प्रार्थना म्हणावी तशी, म्हणाली की याला याच्या आईनं जपून वाढवलं.

ओळ बदलणार हे त्याला माहीत होतं. तरी ती दीड हजार तोंडांतून ऐकणं वेगळं होतं. त्याला एकदम आईचे हात आठवले, त्याचे चिखलाचे मोजे घासणारे. डोळे भरून आले. चेंडू इतका हळू येत होता की बाबांनी बाकावरून उठून अडवला असता. तो नळवाल्याच्या दोन पायांमधून निवांत आत गेला.

"पार गणित बिघडलं," स्टँड जरा संकोचानंच म्हणाला. टाळ्यासुद्धा बेतानंच पडल्या.

इकडे पिवळ्यांचा स्टँड खवळला. जुन्या ओळीत त्या माउलीला जे काही म्हटलं जायचं, त्याचा अकरा वर्षांत कुणाला राग आला नव्हता. ते नेहमीचं होतं. पण निळे लोक सभ्य बोलताहेत म्हणजे यात काहीतरी खोल टोमणा असणार, याबद्दल कुणाच्या मनात शंका उरली नाही. त्यातून गोलकीपर डोळे पुसताना सगळ्यांना दिसला. गेलेल्या बाईवरून पोराला रडवता म्हणजे काय? पिवळ्यांनी ठेवणीतलं गाणं काढलं. ते बेकरीवाल्याबद्दल होतं, आणि त्याच्याही तिसऱ्या ओळीत आई होती.

त्याची आई भोंग्याच्या शेजारीच बसली होती.

"हे माझ्याबद्दल आहे का रे?" तिनं विचारलं.

"नाही आई. सर्वसाधारण आहे."

"पिठाचा उल्लेख आहे त्यात."

यावर निळ्यांचा संयम संपला. ट्रकचालक उठला, जुन्या ओळी बाहेर आल्या, नव्याही चालूच होत्या, दोन्ही स्टँड एकमेकांवर ओरडू लागले आणि रेफरीनं शिट्टी वाजवून खेळ थांबवला. लाउडस्पीकरवरून सूचना आली की प्रेक्षकांनी सभ्यता पाळावी. सूचना संपेपर्यंत तिचा एक शब्दही कुणाला ऐकू गेला नाही.

नळवाला मागे वळला. बाबा तारेपाशी येऊन उभे होते.

"बाबा, मशीन काढून ठेवा थोडा वेळ," तो म्हणाला. "डोकं उठेल तुमचं."

"तिसरी ओळ कुणी बदलली?" बाबांनी विचारलं.

नळवाला तारेच्या आणखी जवळ सरकला.

"गिरणीत तीस वर्षं काढली मी. मागांच्या आवाजात कुणाला काय ऐकू येणार? आम्ही सगळे ओठांवरून बोलायचो. एकट्या माणसाचं वाचताना कधी चुकतं. दीड हजार माणसं एकदम तेच म्हणायला लागली की चुकायला जागाच नसते."

"म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं? अकरा वर्षं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग हात कशाला हलवायचात?"

बाबांनी टोपी काढून पुन्हा घातली. "तुझी आई शेजारी असायची ना. पहिल्या दिवशी तिनं माझा हात दाबला आणि म्हणाली, पोराचं कौतुक करताहेत बघा. रडवेली झाली होती. माझ्यापासून लपवायला एवढी धडपडत होती. मी कसं सांगणार की मला कळलंय? तिला बरं वाटावं म्हणून हात हलवला. मग दर वेळी हलवावा लागला."

नळवाल्यानं तारेतून दोन बोटं पलीकडे घातली. बाबांनी ती धरली.

"आज कानांनी ऐकायला आलो होतो," बाबा म्हणाले, "म्हटलं, एकदा खरं काय ते ऐकून घ्यावं. तर भलतंच निघालं. आणि नेमकं 'आईनं' म्हणाले तेव्हा मशीननं शिट्टी मारली. परत म्हणायला सांग त्यांना."

"मी सांगू? माझ्याविरुद्धचं गाणं?"

"मग काय मी सांगू? मला कोण ओळखतं?"

नळवाला गोल सोडून निळ्यांच्या स्टँडकडे चार पावलं चालत गेला. हळूहळू दोन्हीकडचा गलका कमी झाला. त्यानं बेकरीवाल्याकडे बघून हात वर केला, मागच्या बाकाकडे बोट दाखवलं, मग बोट हवेत गोल फिरवलं: परत एकदा. बेकरीवाल्यानं आईकडे पाहिलं. तिनं मान हलवली. त्यानं भोंगा खाली ठेवला आणि नुसत्या तोंडानंच सुरुवात केली.

या वेळी 'पार' कुणी म्हटलं नाही, 'जरासं'च म्हटलं. पिवळे उभे राहून ऐकत होते. त्यांनाही आता काहीतरी उमगलं असावं. रेफरीनं गाणं संपेपर्यंत शिट्टी तोंडात नुसतीच धरून ठेवली.

खेळ सुरू झाला. पाच मिनिटांनी निळे पुन्हा चाल करून आले आणि स्टँडनं पुन्हा सूर लावला. नळवाला गुडघे वाकवून सावध उभा होता. तेवढ्यात त्याच्या पाठीमागून, अगदी जवळून, एक भसाडा, बेसूर, तीस वर्षं गाण्यासाठी न वापरलेला आवाज त्या गाण्यात मिसळला.

"स्वतःची जाळी गळकी सोडी," बाबा मनापासून गात होते.

नळवाल्याला इतकं हसू आलं की दुसरा गोल कधी झाला, हे त्याला चेंडू जाळीतून काढतानाच समजलं.