शुभ शिव्या

शनिवारी सकाळी सातला होकलायनी मुलीच्या हातात कामांची यादी ठेवली आणि निम्मं काम उरकल्यासारखे खुर्चीत टेकले.

यादी लांबलचक होती. घोसाळ्याचा मांडव नव्याने बांधणे, थर्माकोलच्या सहा खोक्यांत नवी माती भरणे, रताळ्याच्या वेली लावणे, गच्चीवरची टाकी धुणे वगैरे. सगळ्यात शेवटी मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं : 'शेजारच्या आबानबाईंच्या वाफ्यातून कांद्याची एक पात चोरणे. (पेइशान)'

"बाबा, हे शेवटचं काय आहे?"

"आज कंदिलांची पौर्णिमा. लग्न न झालेल्या मुलीने आज दुसऱ्याच्या वाफ्यातली कांद्याची पात चोरली, की तिला चांगला नवरा मिळतो. तुझ्या आईनेसुद्धा चोरली होती."

"आणि मिळालात तुम्ही!"

"मग? पद्धत खरी आहे म्हणूनच ना?"

"बाबा, मी एकोणचाळीस वर्षांची आहे. उपमुख्याध्यापिका आहे. दर सोमवारी सगळ्या शाळेपुढे उभी राहून सांगते, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये. आणि मावशींकडे मागितली तर पिशवीभर देतील की!"

"मागून आणली तर ती भाजी. चोरून आणली तर नवरा. आणि चोरताना मालकाच्या शिव्या खाल्ल्या, तर मग बघायलाच नको. लाखात एक मिळतो!"

पेइशानने लाल पेन्सिल काढली, शेवटच्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि ती मातीची पोती उचलायला अंगणात गेली.

होकलायना नवसासायासाची हौस होती असं नाही. जन्म पोस्टात गेलेला, त्यामुळे पत्त्यावर नीट पोचणाऱ्या गोष्टींवरच त्यांचा विश्वास. पण शुक्रवारी तायपेहून आलेल्या मुलीची पिशवी आत नेताना त्यांना वरच एक कागद दिसला होता. बदलीचा अर्ज. तायपेतली नोकरी, मैत्रिणी, रविवारचं टेकड्या चढणं, सगळं सोडून ती इथे, तायनानच्या कडेच्या या गल्लीत परत यायला निघाली होती. कुणासाठी, ते सांगायला नकोच. आपल्यासाठी मुलीने आपला जन्म गुंडाळून ठेवावा, ही कल्पनाच त्यांना सहन होईना. तिला तिकडेच कुणी भेटलं तर ती तिकडेच राहील, एवढा त्यांचा साधा हिशोब.

एरवी घर सुनं होतं, हे मात्र खरं. बायकोला जाऊन दोन वर्षं झाली होती. ती असताना दिवस उजाडायचा तोच शिव्यांनी. चपला वाटेत का, टॉवेल ओला का, चहाचा पेला रेडिओवर का! आता चपला कुठेही टाका, कुणी हूं की चूं करत नसे. शेवटी कंटाळून होकलाय त्या आपल्या आपणच नीट ठेवू लागले होते.

संध्याकाळी पेइशान टाकी धुवायला गच्चीवर चढली. खाली खुंटीवर तिचं गुलाबी जॅकेट लटकत होतं. ते बघून होकलायच्या डोक्यात किडा वळवळला. लग्नं जुळवणारा देव म्हणजे चंद्राखालचा म्हातारा. लाल दोरा घेऊन युगानुयुगं जोड्या बांधतोय. इतक्या वयात त्याची नजर काय धड असणार? वरून त्याला दिसणार ते जॅकेटच!

जॅकेट काखेत काचत होतं, चेन अर्ध्यावर अडली, पण जॅकेटची टोपी डोक्यावर नीट बसली. मधली भिंत गुडघ्याएवढीच. होकलायनी एक पाय पलीकडे टाकला, तो कालच ओलवलेल्या मातीत घोट्यापर्यंत रुतला. हाताला लागेल ती हिरवी पात धरून त्यांनी ओढली. येईना. जोर केला, तशी पात मुळासकट हातात आली आणि होकलाय वांग्याच्या नव्या रोपांवर बसले.

त्याच क्षणी आबानबाईंची खिडकी उघडली.

आबानबाई त्रेसष्ट वर्षांच्या, नऊ वर्षांपूर्वी नवरा गेलेला, आणि वाफा जिवापाड जपणाऱ्या. त्यांना पाठमोरं गुलाबी जॅकेट दिसलं आणि डोळे भरूनच आले. पोरीने अखेर मनावर घेतलं! आता आपलं कर्तव्य. त्यांनी पदर खोचावा तशा बाह्या सरसावल्या आणि छातीभर श्वास घेतला.

"अगं ए टवळे! चोरटे! तुझ्या बापाचं रान आहे का गं हे?"

होकलाय जागच्या जागी थिजले.

"बापाने काही वळण लावलंय की नाही? लावणार कुठून! स्वतः बसला असेल खुर्चीत, आणि पोरीला राबवतोय गुरासारखी!"

आवाज ऐकून गल्ली बाहेर आली. पेइशानचं भलं व्हावं असं कुणाला वाटत नव्हतं? समोरच्या मासेवाल्याने चार शिव्या घातल्या, त्याच्या बायकोने आठ. शहाऐंशी वर्षांच्या छुन आजी काठी टेकत पुढे आल्या.

"काय मिळमिळीत देताय रे! असल्या शिव्यांनी मुनीम मिळेल, नवरा नाही," म्हणाल्या आणि त्यांनी अशी एक अस्सल शिवी हासडली, की मासेवाल्याने कानांवर हात ठेवले.

चिखलात बसलेल्या होकलायना उठून पळता आलं असतं. पण मुलीचं भाग्य चाललं आहे, तर अजून चार पडू देत, म्हणून ते मान खाली घालून बसून राहिले. शिवाय खरं सांगायचं, तर त्यांना बरं वाटत होतं. दोन वर्षांत त्यांच्यावर कुणी एवढं ओरडलं नव्हतं.

"बाबा!" गच्चीवरून आवाज आला. "माझं जॅकेट घालून तिकडे काय करताय?"

होकलायनी दचकून वर पाहिलं. टोपी घसरली आणि विरळ पांढरे केस उघडे पडले.

"अगं बाई!" आबानबाईंनी तोंडावर हात ठेवला. "तुम्ही? मेलं, मी काय काय बोलले! परत घेते हो, सगळं परत घेते."

"परत कसं घेणार?" छुन आजी कडाडल्या. "तोंडातून शब्द सुटला तो सुटला. नियम सरळ आहे. चोरी ज्याची, शिव्या त्याला, आणि जोडीदारही त्यालाच. होकलाय, तू सध्या मोकळाच आहेस ना? मग बसतोस नियमात."

"आजी, मी सदुसष्ट वर्षांचा आहे!"

"मग जरा घाई कर."

हसण्याचा गलका झाला. आबानबाई लाल झाल्या आणि काहीतरी करायचं म्हणून त्यांनी होकलायच्या मुठीतली पात ओढून घेतली.

"आणि ही कांद्याची कुठाय? लसणाची आहे ही! पान चपटं असतं लसणाचं. कांद्याची पात आतून पोकळ असते, तुमच्या डोक्यासारखी!"

"लसणाने काय मिळतं हो आजी?" मासेवाल्याने विचारलं.

छुन आजींनी बराच वेळ विचार केला. "लसूण आजवर कुणी चोरलाच नाही," त्या म्हणाल्या. "बघू, काय मिळतं ते."

रविवारी सकाळी होकलाय खुरपं घेऊन, भिंतीला वळसा घालून, दारातून रीतसर आबानबाईंकडे गेले. मोडलेली रोपं बदलून द्यायलाच हवी होती. आबानबाई स्टूल टाकून देखरेखीला बसल्या. पेइशान यादीतली कामं एकेक करून उरकत होती आणि भिंतीपलीकडून दिवसभर ऐकू येत होतं :

"अहो, इतकं खोल? रोप लावताय की पुरताय?"

"पाणी मुळाशी घाला, माझ्या पायावर नको!"

"टोपी कुठाय? ऊन लागून पडलात म्हणजे निस्तरायचं कुणी?"

होकलायचा आवाज फक्त "हो, हो" एवढाच येई. दुपारी ते जेवायला घरी आले नाहीत. पेइशानने दोनदा भिंतीपाशी जाऊन पाहिलं आणि हाक न मारताच ती मागे फिरली.

चारच्या बसला ती निघाली, तेव्हा आबानबाईंनी लसणाची हिरवीगार जुडी तिच्यापुढे धरली. मुळांना ओली माती होती. पेइशानने पिशवीत हात घातला, वरचाच एक कागद काढला, जुडी त्यात घट्ट गुंडाळली आणि वर दोऱ्याची गाठ मारली. होकलायनी कागद ओळखला. माती लागून त्यावरची 'बदली' ही अक्षरं विरघळत चालली होती.

"पुढच्या महिन्यात येते, बाबा. जॅकेट ठेवून घ्या. लागेल."

बस वळणावर दिसेनाशी झाली. होकलाय कोपऱ्यावर हात वर करून तसेच उभे होते. मग घरी आले, आणि गेल्या दोन वर्षांत पहिल्यांदाच चिखलाच्या चपला वाटेतच टाकून आत गेले.

"अहो!" भिंतीपलीकडून आवाज आला. "त्या चपला काय तिथे अंडी घालायला ठेवल्यात?"

होकलाय दारात परत आले आणि हसत हसत शिव्या खात उभे राहिले.