फिलिप्पैचा पाणवठा

याकोबभाऊंना जगातल्या कुठल्याही गावात उतरवा, ते आधी विचारणार, "हितलं पाणी कुठून येतं?" लढाईत आमचा फौजी दवाखाना मिसरातून इटलीत आणि इटलीतून ग्रीसमध्ये हलला. मिसरात पिरॅमिड दिसले तेव्हा आम्ही सगळे आ वासून उभे होतो, आणि हे गृहस्थ एका फेरीवाल्याला खाणाखुणा करून आड कुठं आहे ते विचारत होते.

ते हट्टा गावाच्या बाजूच्या एका वाडीचे. दवाखान्यात झाडलोट करत. मी हिंगोलीचा, दोन वर्षं मास्तरकी केलेला, शिवाय त्यांच्यासारखाच ख्रिस्ती. म्हणून त्यांची पत्रं वाचणं-लिहिणं माझ्या गळ्यात पडलं होतं. ती एक शिक्षाच होती. आज पाऊस आला असं लिहिलं की म्हणत, "किती आला ते बराबर लिहा. गया इचारती." गया म्हणजे त्यांची बायको.

पाद्रीसाहेबांनी आम्हा ख्रिस्ती लोकांना फिलिप्पै दाखवायचं ठरवलं. बायबलातल्या प्रेषितांनी जिथं तुरुंगवास भोगला ते गाव. आता नुसते पडके खांब. भाऊंनी हे घरी कळवलं. गयाचं उत्तर आलं ते असं, की त्या गावच्या बाया नदीकाठी प्रार्थनेला बसत असं शास्त्रात आहे, तर त्या वरच्या अंगाला बसत का खालच्या, ते पाहून कळवा. मी कपाळाला हात लावला. भाऊंनी मात्र पत्राची घडी करून टोपीत ठेवली.

लॉरीतून पंधराजण गेलो. अंधार पडायच्या आत परतायचा सक्त हुकूम होता. साहेब एकेका दगडापाशी थांबून इंग्रजीत सांगत, मी ते मराठीत सांगे, आणि दर वाक्याला भाऊ माझी बाही ओढत. तुरुंगाच्या कोठडीत सगळ्यांनी गुडघे टेकले, साहेबांनी प्रार्थना सुरू केली, आणि हे माझ्या कानाशी, "कोठडी पाहिली, मास्तर. आता पाणवठ्याचं इचारा." शेवटी वैतागून विचारलं. साहेब गोंधळले. म्हणाले, शास्त्रात तेवढं दिलेलं नाही.

"काहून न्हाई दिलं?" भाऊंनी मलाच दरडावलं. जणू लिहायचं मीच विसरलो होतो.

निघताना मोजणी केली तर एक माणूस कमी. ड्रायव्हर भोंगा वाजवून दमला. मी दातओठ खात नदीकडे धावलो. नदी कसली, उन्हाळ्यातली आमची कयाधू बरी. भाऊ काठाकाठानं वर-खाली फिरत होते. एखादी पायरी, एखादा घासून गुळगुळीत झालेला दगड शोधत होते. मी त्यांना वाटेल तसं बोललो. बाया वर बसल्या काय नि खाली बसल्या काय, एवढ्यासाठी सगळी लॉरी खोळंबवून ठेवायची?

ते चिडले नाहीत.

"तुमच्या घरी आड हाय, मास्तर," ते म्हणाले. "आमच्या तितं वरचं अंग गावाचं. ढोरं धुऊन, धुणं धुऊन जे पाणी खाली येतं ते आमचं. बाप्तिस्मा झाला, तरी पाणी तेच ऱ्हायलं. गया म्हणती, देवाच्या बाया कुठं बसल्या तेवढं कळू द्या."

आमच्या घरच्या आडावर मला जन्मात कोणी हटकलं नव्हतं. इतकी वर्षं या माणसाची पत्रं लिहीत होतो आणि हे कधी विचारलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

नदीवर काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी कागद घेऊन बसलो. भाऊंनी टोपीतलं पत्र काढून उलगडलं. मग हळूच म्हणाले, "लिहा. वरच्या अंगाला बसत व्हत्या."

मी वर पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती.

मी लिहिलं. आणि त्याखाली माझ्या सहीनिशी एक ओळ जोडली, की ती जागा मीही माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे.