सोफ्याखालची ओळ

शाळेच्या भिंतींना रंग लागत होता, म्हणून दामिनीनं आपल्या वर्गातली तिसरीची मुलं शनिवारी सकाळी आपल्याच घरी आणायचं ठरवलं. निर्णय एवढासाच होता. (दामिनीचे सगळे निर्णय सुरुवातीला एवढेसेच असतात.)

पाठ होता माहितीच्या पुस्तकाचा. शीर्षक, आकृती, आकृतीतले बाण, चित्राखालची ओळ, हे सगळं मुलांना पाहताक्षणी ओळखता यायला हवं होतं. गोष्टीत काहीही चालतं, तिनं समजावलं, पण माहितीत खरं तेच लिहायचं, आणि चित्राखालच्या ओळीत चित्रात न दिसणारं सांगायचं. मग हे घर म्हणजेच पुस्तक समजा, असं म्हणून तिनं कागदाच्या चिठ्ठ्या आणि कणकेची खळ वाटली.

पहिली चिठ्ठी माठावर लागली. 'हा माठ आहे. पाणी वैनगंगेचं आहे.' दामिनी खूश झाली. तेवढ्यात कुकरची शिट्टी वाजली, ती दचकली (शिट्टी रोज वाजते, ती रोज दचकते) आणि स्वयंपाकघरात पळाली. तिथंच अडकली, कारण दुपारी नणंदेला, टीनाला, पाहायला वरठीहून पाहुणे यायचे होते. आधीची स्थळं परतली होती आणि या वेळचा मुलगा, निकेश, टीनाला फोटोतच आवडून बसला होता. हे स्थळ हुकलं तर सासूबाई कोणाकडे पाहतील, हे दामिनीला ठाऊक होतं. मुलं घरातल्या सगळ्यांना प्रश्न विचारत फिरत होती, मधूनमधून येऊन तिलाही काहीबाही विचारत होती, ती कढईतून मान न काढता "छान, लावा," म्हणत होती.

पाहुणे तासभर आधीच आले. मुलं नुकतीच गेली होती. चिठ्ठ्या राहिल्या होत्या.

निकेशची आई पुष्पाबाई सोफ्यावर बसायला वाकल्या आणि वाकल्या वाकल्या मोठ्यानं वाचू लागल्या, "हा सोफा कैलाशकाकाचा आहे. पाहुणे गेले की परत जाईल."

दामिनीनं झेप घेऊन चिठ्ठी ओढली. खळ उत्तम झाली होती. चिठ्ठीबरोबर शेजारच्या कैलाशकाकांचं रेक्झिनही आलं.

तोवर पुष्पाबाई फ्रिजपाशी पोचल्या होत्या. 'हा बंद आहे. आत कांदे ठेवतात.' मग भरतकामाचा मोर. 'हा टीनाताईनं केला असं सांगायचं आहे. भंडाऱ्याहून विकत आणला.' खाटेवर सासरे, बुधरामजी, डुलकी काढत होते. त्यांच्या बनियनवर 'आकृती १' होतं आणि एक कागदी बाण मिशीकडे जात होता. 'कालच काळी केली.'

"हे काय लावून ठेवलं घरभर?" सत्यभामाबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, दातांतल्या दातांत विचारलं.

"आई, ही माहितीपर मजकुराची वैशिष्ट्यं आहेत."

"मंग गोष्टीची लावाची होती ना."

टीना पोह्यांच्या प्लेटा घेऊन दारातच उभी राहिली होती, डोळे भरलेले. निकेश मोराकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. हसतोय की संतापलाय, ते दामिनीला पाठीवरून कळेना.

पुष्पाबाईंनी सगळं घर वाचून संपवलं. "किती पोरी पाह्यल्या आमी," त्या म्हणाल्या. "सगळ्यायच्या घरी गोष्टीच आयकल्या. माहिती इथंच भेटली." मग टीनाकडे वळल्या. "पोरी, तुले भरतकाम येते का?"

"नाही."

"मलेबी नाही येत. बस इथं." आणि त्यांनी सोफ्याची न फाटलेली बाजू थोपटली. हे पाहून निकेशनंही, कोणी विचारलेलं नसताना, फोटोतला कोट स्टुडिओवाल्याचा होता हे सांगून टाकलं. टीना हसली. प्रश्न मिटला.

जेवणं सुरू होईपर्यंत पुष्पाबाई सत्यभामाबाईंना विहीणबाई म्हणू लागल्या होत्या. वांग्याची भाजी त्यांनी पुन्हा मागितली आणि कोणी केली म्हणून विचारलं. दामिनीनं नम्रपणे मान खाली घातली. (सकाळपासूनचं पहिलंच यश, नाही कशाला म्हणायचं.) निकेशनं पातेलं स्वतःकडे ओढलं, ते फिरलं आणि भिंतीकडची बाजू पुढे आली. तिथं लिहिलं होतं, 'ही भाजी आधी आमच्या बाईंनी केली होती. ती म्हशीला दिली. मग आजीनं दुसरी केली.'

दामिनीचा हात चिठ्ठीकडे गेला. सासूबाईंनी तो वरच्या वर धरला.

"राहू दे. ही बरोबर लिवली लेकरायनं," त्या म्हणाल्या. "म्हशीनंबी खाल्ली नाही, तेवढं लिवाचं राहिलं."