जानेफळच्या तंबूतला खून

जानेफळच्या बाजारात बोलक्या शिनेमाचा तंबू लागला, आणि अन्नपूर्णाबाईंनी नव्या सुनेला एका अटीवर खेळाला जाऊ दिलं. "आल्यावर आम्हाले पुरी गोष्ट सांगा लागन. चांगली सांगशीन तर शनिवारच्या नव्या खेळालेही जा." (कीर्तनाला, जत्रेला जो जाईल त्यानं मागं राहिलेल्यांना सगळं सांगायचं, हा त्या घरचा कायदाच होता.)

विमलला हे सोपं वाटलं. खेळ खुनाचा, नट एकाहून एक नावाजलेले. सांगायला काय लागतं?

लागत होती ती गोष्ट, आणि नेमकी तीच तंबूत आलेली नव्हती. बंगल्यात खून झाला. पोलीस अंमलदार तीन तास जिना चढला-उतरला. नटीनं सात गाणी म्हटली, आणि पाचव्या गाण्यात मेलेला माणूस मागं उभा दिसला. शेवटी पकडलेल्या खुन्याला तर आधी कोणी पाहिलंच नव्हतं. बायकांच्या कनातीआड बसलेल्या विमलला वाटलं, आपल्यालाच डुलकी लागली असणार. परतताना तिनं नवऱ्याला, शालिग्रामला, हळूच विचारलं,

"अहो, त्यानं खून काऊन केला?"

"मले वाटलं, तुले समजलं असन!"

दुसऱ्या दिवशी ओसरीवर शेंगा फोडायला बायका जमल्या. शेजारच्या बिलकिसबी तर स्वतःचं सूप घेऊनच आल्या.

"हं, सांग वं पोरी," सासूबाई म्हणाल्या.

खरं सांगावं तर शनिवार गेला! मग विमलनं खुन्याला एक बहीण दिली, बहिणीचं लग्न मोडलं, विहिरीत चिठ्ठी टाकली आणि मेलेल्याला जुळा भाऊ दिला. (त्याशिवाय पाचवं गाणं निस्तरेना.) शेंगा फोडायच्या राहिल्या. बिलकिसबींनी पदर डोळ्यांना लावला. "या अल्ला! बहिनीसाठी केलं त्यानं!"

विमल सुटकेचा श्वास टाकते न टाकते तोच सासूबाई म्हणाल्या, "आज आम्ही साऱ्या जणी जाऊन पाहतो. तू भाकरी टाक."

त्या गेल्या. विमलनं तीन भाकरी करपवल्या.

"तुले काऊन त्याले बहीण द्या लागली?" शालिग्राम म्हणाला. एवढीच त्याची मदत.

बायका परतल्या तेव्हा ती झोपेचं सोंग घेऊन पडली होती. सकाळी मात्र सासूबाईंनी गाठलंच.

"खेळवाल्याले असा झाडला का विचारू नको! म्हटलं, बहीण कुठी हाये? चिठ्ठी कुठी हाये? रिळातून कापली तुनं, मेल्या! तर म्हणे, बाई, आमच्या खेळात बहीणच नाही."

"झूट बोलते थो!" पाठोपाठ आलेल्या बिलकिसबी म्हणाल्या.

विमलचा जीव भांड्यात पडला. धीर करून तिनं विचारलं, "मग आत्याबाई, शनिवारी आम्ही जाऊ?"

"त्या चोराच्या तंबूत? कायले वं!" सासूबाईंनी सूप पुढं ओढलं. "शनिवारचा खेळ दरोड्याचा हाये म्हणे. बस, तूच सांग. अन् या खेपी जुळा भाऊ नको घालू. थो काही मले पटला नव्हता."