दांडेपाड्याची फाइल

रिटायर झालेल्या माणसाने नातवंडं सांभाळावीत, भाजी आणावी, गेलाबाजार खांदा कॉलनीतल्या बाकावर बसून सरकारला शिव्या द्याव्यात. दिनानाथरावांनी मात्र विकीवर लिहायचं ठरवलं. (विकी म्हणजे इंटरनेटवरचा फुकट ज्ञानकोश. कुणीही लिहा, कुणीही खोडा.)

त्यांनी पान केलं ते बायकोच्या, म्हणजे मैनाताईंच्या माहेराचं, उरणकडच्या दांडेपाड्याचं. पानाच्या कडेला गावाची माहिती दाखवणारा जो चौकोन असतो, त्याला तिथे साचा म्हणतात. दिनानाथरावांनी पस्तीस वर्षं कचेरीत फाइल जशी फिरवली, तसाच साचा बांधला. गावाची लोकसंख्या थेट चौकोनात जायची नाही. ती आधी 'आवक' नावाच्या छोट्या साच्यात जायची, मग 'तपासले', मग 'शिफारस', मग 'पुनश्च तपासले', असे नऊ साचे फिरून 'मंजूर' होऊन बाहेर पडायची. पान उघडायला चांगली दोन मिनिटं लागत. मैनाताई क्लिक करून आत जात आणि अर्धा वाटा कोलंबी सोलून परत येत.

मग खारघरच्या शाजियाचा निरोप आला. ती विकीची डेव्हलपर. 'काका, तुमचा साचा फार स्लो आहे, सर्व्हरवर लोड येतो. शनिवारपर्यंत हलका करा, नाहीतर काढावा लागेल. नऊ साचे कशाला?'

दिनानाथरावांनी उत्तर धाडलं : 'महोदया, संदर्भ : आपला दि. १२ चा निरोप. साचा स्लो असल्याचे अमान्य. आमच्या कचेरीत याच मार्गाने फाइलीस अकरा महिने लागत. येथे दोन मिनिटे लागतात. सबब अभिनंदन अपेक्षित होते.'

शाजियाने यावर नुसती स्मायली पाठवली. ती संमती धरून त्यांनी दहावा साचा जोडला, 'डेव्हलपरने पाहिले'.

शुक्रवार उजाडला तसा मात्र दिनानाथरावांचा जीव टांगणीला लागला. शनिवारीच मेहुणा कुंदन ते पान बघायला येणार होता. लग्नापासून सासरची माणसं विचारत आली होती, 'दाजी ऑफिसात नक्की करतात काय?' आता कुठे दाखवण्यासारखं काही हाताशी आलं होतं. तेच काढून टाकलं तर सासरी तोंड दाखवायला जागा नाही. शेवटी अभिमान गिळून त्यांनी शाजियालाच घरी बोलावलं.

शनिवारी दुपारी ती लॅपटॉप घेऊन आली. कुंदनही हजर, पिशवीत पापलेट.

"काका, हा 'तपासले' साचा काय करतो?"

"'आवक'ने दिलेलं घेतो."

"आणि?"

"'शिफारस'कडे पाठवतो."

"म्हणजे तपासत काहीच नाही?"

"आधीच्याने तपासलेलं असतंच की," दिनानाथराव म्हणाले.

मैनाताई खाली मान घालून कोलंबी सोलत होत्या. "तुमी ऑफिसात पन हेच करीत होता ना?"

कुंदनला पस्तीस वर्षांनी उत्तर मिळालं. तो समाधानाने मागे टेकला.

शाजियाने दहाच्या दहा साचे काढून टाकले आणि पान झटक्यात उघडलं. इतक्या दिवसांत ते अख्खं असं कुणी वाचलंच नव्हतं, वाट बघूनच सगळे कंटाळत. दिनानाथरावांना भरून आलं. कुंदन मोठ्याने वाचू लागला, "दांडेपाडा. मुख्य व्यवसाय, मासेमारी. समुद्रकिनारा..." तो अडखळला. "दाजी, इथं 'नाही' लिवलंय."

मैनाताईंनी कोलंबीवरून मान वर केली.

"दहा जनांनी तपासला," मैनाताई म्हणाल्या, "आनि समिंदर एकाला पन दिसला नाय."

दिनानाथरावांनी घसा खाकरला. "नजरचूक आहे. दुरुस्तीचा अर्ज कुणाकडे करायचा असतो?"

"तुमच्याकडेच, काका. पान तुम्हीच लिहिलंय. हे 'संपादन' दाबायचं, झालं."

दिनानाथरावांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, चष्मा काढून डबीत ठेवला आणि जुन्या सवयीने म्हणाले, "आज शनिवार. सोमवारी या."